शिवेपर्यंतचा माग

बेळगावच्या परिसरात 'माग' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला प्रथम शहापूर आणि वडगाव येथील विणकरांची घरे आठवतात, कारण या भागात माग म्हणजे साडी विणण्याचे साधन होय. परंतु जमिनीवर उमटलेल्या पावलांवरून माणसाचा अथवा जनावराचा ठावठिकाणा शोधणे हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थही मराठीत रुळलेला असून, 'माग काढणे', 'मागावर असणे', 'मागमूस न लागणे' या रोजच्या बोलण्यात तो आजही टिकून आहे. ज्या कसबातून हे शब्दप्रयोग आले ते कसब मात्र दख्खनच्या गावांतून जवळजवळ नाहीसे झाले आहे. राजस्थान आणि कच्छच्या सीमेवर ते अजून जिवंत असून तेथे त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. प्रस्तुत लेखकाने सीमा सुरक्षा दलातील नोकरीच्या काळात हे कसब जवळून पाहिले, त्यातील थोडेफार शिकून घेतले, आणि निवृत्तीनंतर उचगावास परतल्यावर त्याचे मूळ आपल्याच गावकीत होते हे त्याच्या ध्यानात आले. पुढील विवेचन या दोन्ही गोष्टींविषयी आहे.

उचगाव हे बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचे, चंदगडच्या दिशेचे आणि मळेकरणी देवीच्या देवस्थानामुळे दूरवर परिचित असलेले गाव आहे. या पट्ट्यात 'सीमा' म्हटले की 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्र-कर्नाटक प्रश्न एवढाच अर्थ घेतला जातो, आणि 'सीमाभाग' हा शब्द तर येथील माणसाच्या ओळखीचाच भाग झाला आहे. त्याच वेळी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र 1922 पासून बेळगावात असल्यामुळे वर्दीचे आकर्षण या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि पलटणीत ज्यांची निवड होत नाही ते तरुण निमलष्करी दलांच्या भरतीला उभे राहतात. प्रस्तुत लेखकही त्याच वाटेने गेला; म्हणजे एका सीमेवरच्या गावातून तो दुसऱ्या सीमेवर गेला, आणि 'सीमा' या शब्दाचा दुसरा अर्थ त्याला 1990 च्या दशकात पश्चिम राजस्थानातील एका चौकीवर कळला.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सीमेचा राजस्थानातील भाग एक हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा असून तो मुख्यतः श्रीगंगानगर, बिकानेर, जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांतून जातो, आणि त्याच्या दक्षिणेस गुजरातमधील बनासकांठा व कच्छचे रण लागते. 9 एप्रिल 1965 रोजी कच्छमधील सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला, तेव्हा तेथे राखीव पोलिसांची लहानशी तुकडी होती. राज्याराज्यांच्या पोलिसांवर अशी सीमा सोपवून चालणार नाही हे त्या प्रसंगाने दाखवून दिले आणि 1 डिसेंबर 1965 रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. दलाचे पहिले महासंचालक के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले होते, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजस्थानच्या सीमेवर तारेचे कुंपण घालण्याचे काम 1990 च्या दशकात टप्प्याटप्प्याने झाले. तथापि जेथे वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर जागा बदलतात तेथे कुंपणाचे खांब कधी पुरले जातात, तर कधी उघडे पडतात, आणि अशा पट्ट्यांत माणसाच्या डोळ्यावर भिस्त ठेवण्यावाचून त्या काळी गत्यंतर नव्हते. सोने, चांदी, अफूपासून बनणारे अमली पदार्थ आणि शस्त्रे घेऊन येणारी माणसे नेमके हेच पट्टे निवडत असत.

या मुलखात माग काढणाऱ्या माणसाला 'पागी' किंवा 'खोजी' म्हणतात. पागी हा शब्द 'पग' म्हणजे पाऊल यापासून आला असून गुजरातेत तो 'पगी' असा उच्चारला जातो. खोजी हा सहसा दलाचा शिपाई नसतो. तो जवळच्या ढाणीतला, म्हणजे वाळवंटातील दोन-चार घरांच्या वस्तीतला, उंट किंवा शेळ्या-मेंढ्या पाळणारा माणूस असतो, आणि हरवलेले जनावर शोधता शोधता त्याची नजर तयार झालेली असते. दोनशे उंटांच्या खुणांतून स्वतःच्या उंटाचे पाऊल ओळखणे ही त्याच्या दृष्टीने विद्या नव्हे. ती रोजची गरज असते. बनासकांठ्यातील रणछोडदास पगी हे या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव होय. रबारी समाजातील या माणसाने 1965 आणि 1971 च्या युद्धांत भारतीय सैन्याला वाटा दाखवल्या, आणि पुढे सीमा सुरक्षा दलाने एका चौकीला त्यांचे नाव दिले. त्यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथांत कालांतराने पुष्कळ भर पडली आहे; परंतु राष्ट्राच्या सीमेवरील एका चौकीला एका पशुपालकाचे नाव लागते, एवढी एकच गोष्ट त्या सर्व कथांपेक्षा मोलाची आहे.

चौकीवरील दिवसाचा आरंभ खुऱ्याच्या तपासणीने होतो. 'खुरा' म्हणजे पाऊलखूण, आणि कुंपणाच्या अलीकडे अथवा गस्तीच्या वाटेला लागून वाळूचा जो अरुंद पट्टा राखलेला असतो तो संध्याकाळी उंटामागे किंवा गाडीमागे फांद्यांचा भारा अथवा जुने टायर ओढून सारखा केला जातो, जेणेकरून रात्री त्यावर जे काही उमटेल ते सकाळी निर्विवादपणे त्या रात्रीचेच ठरावे. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला दीड तास या कामासाठी सर्वोत्तम मानला जातो, कारण तिरप्या उन्हात उथळ खुणेचीही सावली पडते. खोजी अशा बाजूने चालतो की खूण त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये राहावी. दुपारी बारा वाजता, ऊन डोक्यावर असताना, तीच खूण डोळ्यांसमोर असूनही दिसेनाशी होते. नवख्या जवानाला हे सांगून पटत नाही. त्याला एकदा सकाळी आणि एकदा दुपारी त्याच पावलापुढे उभे करावे लागते.

एका पावलात काय काय साठवलेले असते हे पाहण्यासारखे आहे. रात्रीच्या दवाने वाळूचा वरचा थर किंचित ओलसर होतो आणि त्यात उमटलेल्या खुणेची कड धारदार राहते, तर कोरड्या वाळूत कड लगेच ढासळून खुणेचा नुसता खळगा उरतो. म्हणून कडेवरून पाऊल दवाआधीचे की नंतरचे हे ठरवता येते. पावलाने उकरलेली आतली वाळू वरच्या वाळूहून गडद असते आणि ऊन लागले की ती फिकी होत जाते, त्यामुळे रंगावरून तासांचा अंदाज बांधता येतो. वाळवंटातील काळे भुंगेरे रात्री हिंडतात आणि त्यांच्या पायांची टाक्यांसारखी बारीक रांग वाळूवर उमटते. ती रांग माणसाच्या पावलावरून गेलेली असली तर माणूस आधी गेला, आणि पावलाखाली तुटलेली असली तर माणूस नंतर गेला. ओझे घेतलेल्या माणसाचे पाऊल आखूड पडते आणि दोन पावलांतील आडवे अंतर वाढते. धावणाऱ्याचा चवडा खोल रुततो आणि वाळू मागे फेकली जाते. दिशाभूल करण्यासाठी उलटे चालणाऱ्याची रेषा वाकडीतिकडी होते, टाच अधिक दबते आणि पाय उचलताना वाळू टाचेच्या बाजूला ओढली जाते. अंधारात चालणारा माणूस रुईच्या किंवा फोगाच्या झुडपाला जवळजवळ टेकेपर्यंत सरळ येतो आणि मग एकदम वळतो, तर उजेडात चालणारा लांबूनच वाट वळवतो. हे सर्व ज्या वृद्ध खोजीबाबांनी प्रस्तुत लेखकाला शिकवले त्यांना सही करता येत नव्हती; वेतनाच्या कागदावर ते अंगठा उठवीत, आणि अंगठ्याच्या त्या ठशाकडेही क्षणभर निरखून पाहत असत.

त्यांनी शिकवलेले पहिले शिस्तीचे सूत्र असे की मागाच्या बाजूने चालावे, मागावरून कधीही चालू नये. दुसरे असे की शेवटच्या खात्रीच्या पावलाशी काठी रोवल्याशिवाय पुढचे पाऊल शोधू नये. आणि तिसरे असे की माग तुटला तर त्या काठीला मध्य धरून हळूहळू वाढत जाणारा घेर घ्यावा, कारण आकाशात उडून कोणी जात नाही. सर्वांत स्पष्ट पाऊल निवडून त्यावर ते घमेले पालथे घालत, म्हणजे वारा सुटला तरी तुलनेसाठी एक खूण शाबूत राहत असे, आणि दोन पावलांतील अंतर काटकीवर मोजून तेथे नखाने रेघ ओढत. ती काटकी हेच त्यांचे सर्व दप्तर होते.

हिवाळ्यातील एका सकाळी खुऱ्याच्या पट्ट्यावर शेळ्या गेल्यासारख्या पुसट, गोलसर खुणा दिसल्या, तेव्हा गस्तीतील जवानांनी त्या एखाद्या चुकार कळपाच्या समजून पुढे जाण्याची तयारी केली होती, आणि प्रस्तुत लेखक तर त्यांतील दोन खुणांवर बूट ठेवूनच उभा होता. खोजीबाबांनी काही न बोलता त्याचा घोटा धरून पाय बाजूला उचलून ठेवला. मग त्यांनी दाखवले की शेळी चरत जाते, तिची रेषा झुडपाझुडपाला वळसे घेते, ती लेंड्या टाकते, आणि तिच्या खुणा सारख्या अंतरावर कधीच पडत नाहीत; येथे मात्र खुणा एका रेषेत, सारख्या अंतरावर आणि थेट पूर्वेकडे निघाल्या होत्या, त्यांच्या कडा कापसासारख्या विस्कटलेल्या होत्या, आणि एका ठिकाणी वाळूत काळा केस अडकला होता. बुटांखाली केसाळ कातडे बांधून तीन माणसे आली होती. त्यांपैकी दोघांवर ओझे होते आणि तिसरा, जो पुढे चालत होता, मोकळा होता, म्हणजे तो वाटाड्या होता. बुटाखाली चिरडलेली दोन पावले एरवी आणखी काय सांगू शकली असती हे मात्र आता कळण्याचा मार्ग उरला नव्हता, आणि त्या चुकीची बोच प्रस्तुत लेखकाला आजही वाटते.

वायरलेसवरून निरोप गेला, दुसऱ्या तुकड्या पूर्वेकडील विहिरी आणि ढाण्यांकडे निघाल्या, आणि खोजीबाबांच्या मागोमाग एक तुकडी मागावर चालू लागली. अशा वेळी खोजी जमिनीकडे पाहत असतो, म्हणून समोर पाहण्याचे काम दुसऱ्यांना करावे लागते. दोन जवान त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, थोडे पुढे, बंदुका तयार ठेवून चालतात, आणि खोजी बोटाने दिशा दाखवतो तेव्हा ते आधी टेकडीचा माथा तपासतात. माग काढणाऱ्याची खरी जोखीम येथे आहे: ज्याच्या मागे तो चालला आहे तो कोठेतरी पाठ वळवून, बंदूक रोखून, आपल्याच पावलांच्या वाटेकडे पाहत बसलेला असू शकतो. साधारण चार किलोमीटरवर, एका खेजडीखाली, म्हणजे ज्या झाडाला मराठी मुलखात शमी म्हणून दसऱ्याला पूजतात त्या झाडाखाली, तिघेही विसाव्यासाठी बसले होते. तेथे बसल्याच्या तीन खळग्यांजवळ दोन ठिकाणी वाळूत लांबट, अरुंद, कोपरे किंचित गोल असलेला ठसा होता. खोजीबाबांनी त्यावर तळहात आडवा धरून त्याची लांबी-रुंदी पाहिली आणि मग तुकडीप्रमुखाच्या रायफलच्या दस्त्याकडे बोट केले. माणूस दमून बसतो तेव्हा बंदूक दस्त्यावर उभी टेकवतो. तिघांपैकी दोघे सशस्त्र होते. त्या क्षणापर्यंत हा तस्करीचा माग होता, त्यानंतर तो वेगळा झाला, आणि तुकडीतील माणसांमधले अंतर आपोआप वाढले.

खेजडीपासून पुढे दोनच माणसांच्या खुणा गेल्या होत्या. तिसऱ्याच्या खुणा थोड्या अंतरावरून पश्चिमेकडे वळलेल्या आढळल्या. त्याने कातडे सोडून टाकले होते, बुटाचा तळ स्वच्छ उमटला होता आणि पाऊल लांब पडले होते, कारण काम संपवून तो घराकडे निघाला होता. खोजीबाबांनी त्या मागाशी एक काठी रोवून ठेवली आणि दोघांचा माग धरला. दुपार होत आली तशा खुणा दिसेनाशा होऊ लागल्या; दोनदा घेर घ्यावा लागला; एका ठिकाणी त्या दोघांनी मेंढ्यांच्या वाटेवरून चालून माग बुजवण्याचा प्रयत्न केला होता, परंतु मेंढ्या सकाळी पाण्याकडे गेलेल्या आणि माणसे त्याआधीची, त्यामुळे मेंढीच्या खुराखाली अर्धे तुटलेले प्रत्येक पाऊल उलट त्यांची वेळच सांगून गेले. शेवटी माग एका ओस पडलेल्या झोपड्याशी, म्हणजे गवताने शाकारलेल्या गोल खोपटाशी पोहोचला. वेढा पडला, हाका दिल्या गेल्या, आणि बराच वेळ गेल्यावर दोघेही हात वर करून बाहेर आले. त्यांची शस्त्रे आणि ओझे जवळच फोगाच्या झुडपाखाली पुरलेले होते. तेही खोजीबाबांनीच काढले, कारण तेथील वाळू एवढी सारखी केलेली होती की वारा तसे कधी करत नाही.

संध्याकाळी, ऊन पुन्हा तिरपे झाल्यावर, खोजीबाबा सकाळच्या काठीकडे परतले आणि वाटाड्याच्या मागावर चालू लागले. माग सरळ होता, एकदाही तुटला नाही, आणि सीमास्तंभांच्या रेषेवर येऊन पलीकडे गेला. शून्य रेषेच्या अलीकडे खोजीबाबा उकिडवे बसले आणि पलीकडच्या पावलांकडे बराच वेळ पाहत राहिले. जी पावले डोळ्यांना स्पष्ट दिसत होती त्यांच्यामागे जाण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि ज्यांच्या मुलखात ती गेली होती त्यांना बोलावून माग हवाली करण्याचीही सोय नव्हती.

दख्खनमध्ये अशी सोय होती, आणि ती मोठ्या विचाराने केलेली होती. पेशवाईचा मुलूख इंग्रजांकडे आल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जो प्रसिद्ध अहवाल लिहिला त्यात गावच्या राखणदाराच्या कर्तव्यांचे वर्णन आहे. रात्री चोरी झाली तर चोर शोधणे हे राखणदाराचे काम असे. पावलांवरून माग काढत तो शेजारच्या गावापर्यंत गेला आणि तेथील राखणदाराची खात्री पटवू शकला, तर त्याची जबाबदारी संपत असे आणि पाठलाग दुसऱ्या गावाच्या राखणदाराकडे जात असे. आणि ज्या गावात माग शेवटी स्पष्टपणे पोहोचला त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई येत असे. या पद्धतीत शीव, म्हणजे दोन गावांमधील हद्द, ही माग थांबण्याची जागा नव्हती. ती माग हवाली करण्याची जागा होती, आणि माग खोटा दाखवला तर शेजारचा जाणकार तो जागीच नाकारू शकत होता. एका कसबी माणसाची साक्ष दुसऱ्या कसबी माणसाने पारखायची, यापेक्षा चांगली चौकशी सुचवणे कठीण आहे.

आधुनिक न्यायालयात मागाची किंमत कमी आहे, आणि त्यामागचे कारण अन्याय्य म्हणता येणार नाही. 1872 च्या पुरावा कायद्याने घटनास्थळाच्या जमिनीवरील खुणा प्रस्तुत वस्तुस्थिती मानल्या. तथापि प्रीतम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाऊलखुणांवरून ओळख पटवण्याचे शास्त्र अद्याप प्राथमिक अवस्थेत असल्याने त्यावर फारसे विसंबता येणार नाही, असे मत दिले. खोजी चुकू शकतो, आणि त्याची उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला वाळू वाचता येत नाही. म्हणून एकट्या मागावर कोणाला शिक्षा होऊ नये हे योग्यच होय. परंतु माग हा आरोपीपर्यंत आणि मालापर्यंत पोहोचवतो, आणि माल सापडल्यावर पुरावा स्वतःच्या पायांवर उभा राहतो. हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ शिकलेली माणसे या कसबाला अंधश्रद्धेच्या रांगेत बसवतात.

दख्खनमध्ये हे काम कोण करत होते, हा प्रश्न उचगावच्या वाचकाच्या अधिक जवळचा आहे. घाटमाथ्यावर ते मुख्यतः रामोशी समाजाकडे होते, आणि बेळगाव व त्याच्या पूर्वेकडील मुलखात गावराखणीचे काम बेरड समाजाकडे असे, ज्यांना कन्नडमध्ये बेडर म्हणतात आणि गावराखणदार म्हणून तळवार हे नाव लाभले. राखणीच्या मोबदल्यात जमिनीची सनद मिळालेल्या चाकरांना या भागात शेतसनदी म्हणत, आणि कित्तूरच्या लढ्यातील संगोळ्ळी रायण्णा, ज्याला 1831 मध्ये नंदगडला फाशी दिले गेले, तो शेतसनदीच होता. इंग्रजी अंमलात पगारी पोलीस आले, राखणदारांची वतने आणि हक्क आटत गेले, आणि उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली रामोशांनी उठाव केला. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या नंतरच्या सुधारणांनी देशभरातील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. त्यानंतर अशा जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड आणि रामोशी ही दोन्ही नावे आहेत. ज्यांच्या डोळ्यांवर गाव निर्धास्त झोपत होते त्यांच्याच घरांवर रात्री पोलिसांची थाप पडू लागली. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी 'बेरड' या आत्मकथनात हे दुःख मराठीत मांडले आहे, आणि सीमाभागातील प्रत्येक वाचनालयात ते पुस्तक असायला हवे.

बनासकांठ्याच्या पगीचे नाव चौकीला लागले आणि बेळगावच्या राखणदाराचे नाव पोलिसांच्या वहीत गेले. दोघांचे कसब एकच होते. फरक एवढाच की एकाला त्याचे काम चालू ठेवू दिले गेले आणि दुसऱ्याचे काम काढून घेऊन त्याच्या कसबाचाच संशय घेतला गेला. वाळूत उकिडवे बसलेल्या त्या वृद्धाकडून शिकताना प्रस्तुत लेखकाला हे ठाऊक नव्हते. गावी परतून जुनी माहिती वाचू लागल्यावर ते उमगले, आणि लहानपणी गावात आणि पंचक्रोशीत कोणाविषयी कशी कुजबुज चाले ते आठवून मान खाली गेली.

असे कसब इतरत्र मानाने जपले गेले आहे. अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेलगत टोहोनो ओओधम या मूळ रहिवासी जमातीच्या भूमीवर 1970 च्या दशकापासून तस्करांचा माग काढणारे एक पथक सरकारी सेवेत आहे, त्यात मूळ रहिवासी असलेल्यांचीच भरती होते, आणि त्याला 'शॅडो वूल्व्ह्ज' म्हणजे सावलीतले लांडगे असे नाव आहे; तेथेही वाटा टायर ओढून सारख्या केल्या जातात. इस्रायलच्या सैन्यात माग काढणाऱ्या बेदुइनांना असेच स्थान आहे. राजस्थानच्या सीमेवर आता उष्णतेवरून माणूस ओळखणारे कॅमेरे आणि रात्रीचा उजेड आहे; तथापि जानेवारीच्या धुक्यात आणि मे-जूनच्या वाळूच्या वादळात यंत्रे आंधळी होतात, आणि म्हणूनच सीमा सुरक्षा दल दरवर्षी हिवाळ्यात 'सर्द हवा' आणि उन्हाळ्यात 'गर्म हवा' या नावांनी विशेष गस्तीची मोहीम काढते, ज्यात उंटावरील गस्त आणि खुऱ्याची तपासणी यांवर पुन्हा भर दिला जातो. 19 मे 2016 रोजी ज्या मुलखात, फलोदीला, 51 अंश तापमान नोंदले गेले, तेथे जमिनीकडे पाहत सकाळपासून चालणे म्हणजे काय हे चाललेल्यालाच माहीत.

उचगावच्या जमिनीत वाळू नाही. येथील तांबडी माती पावसात पाऊल धरून ठेवते आणि ऊन पडले की तसेच कडक करते. भाताच्या बांधावर गवा येऊन गेला तर म्हातारे शेतकरी अजूनही खुराच्या फाकेवरून तो एकटा नर होता की कळप होता, पहाटे आला की मध्यरात्री, हे सांगतात, आणि त्यांची नातवंडे ते ऐकून भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून पुढे जातात. प्रस्तुत लेखकाने अशा काही शेतकऱ्यांबरोबर बांधावरून चालून त्यांचे शब्द वहीत उतरवून घेण्यास आरंभ केला आहे, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर खोजीबाबांची तीन सूत्रे लिहिली आहेत. उचगाव, बेक्किनकेरे, बसुर्ते, तुडये, कुद्रेमानी या गावांत आणि ईशान्येकडे हुक्केरी-गोकाकपर्यंत ज्या घरांत पूर्वी राखणीचे काम होते त्या घरांतील वृद्ध माणसे अजून हयात असतील; त्यांच्याकडे जावे, त्यांच्या पूर्वजांना काय येत होते हे आदराने विचारावे, आणि त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावासह, ते लिहून ठेवावे, ही या भागातील शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि साहित्य संमेलने भरवणाऱ्या मंडळींना कळकळीची विनंती आहे.